सुबरावांचा एकच दोरा

आमच्या कॉलेजात बातमी आधी सुबरावांना कळते, मग प्रिन्सिपॉलना, आणि सगळ्यात शेवटी ती नोटीसबुकात उतरते. नोटीसबुक घेऊन वर्गावर्गात फिरणं हे सुबरावांचंच काम, पण बातमी त्यात उतरेपर्यंत त्यांना दम निघत नाही. गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात लायब्ररीत धामण निघाली, फिजिक्सच्या सरांनी वीस वर्षांची मिशी उतरवली आणि सोयाबीनच्या मळणीला निम्मी मुलं रानात गेली म्हणून चाचणी परीक्षा पुढं ढकलली. तिन्ही बातम्या मला सुबरावांनी फाटकातच दिल्या. धामण बिनविषारी असते, घाबरू नका, असं समजावलं. मिशीबद्दल मात्र, बघा आणि गप्प बसा, एवढाच इशारा दिला.

मी बेळगावच्या टिळकवाडीतून रोज बसनं निपाणीला येते आणि मुलांना रसायनशास्त्र शिकवते. दीड तास यायला, दीड तास जायला. माझा स्वभाव तापट आहे असं स्टाफरूममध्ये बोललं जातं. बोलणाऱ्यांना एकदा त्या बसमध्ये हत्तरगीपर्यंत उभं राहून आणा, मग त्यांच्या स्वभावाचं बघू.

सुबराव आमचे अटेंडर. वय सत्तावन्न, अंगानं काटकुळे, चालणं असं की पाठीमागं कुत्रं लागलंय. मूळचे बेळगावात वडगावचे, विणकर घरातले. घरचे चार माग होते, ते विकले गेले आणि पंचविशीतले सुबराव निपाणीत कॉलेजची घंटा वाजवायला आले. घंटा म्हणजे व्हरांड्यात टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा. ती ते इतकं मन लावून वाजवतात की समोरच्या वखारीत तंबाखू निवडणाऱ्या बायका तिच्यावर जेवणाची सुट्टी घेतात. पण त्यांचा जीव खरा कशात असेल तर मुलींच्या खो-खोत. शारीरिक शिक्षणाच्या सरांची जागा आमच्याकडे रिकामीच, ती कधी भरलेली होती हे आठवणारे लोकसुद्धा रिटायर झाले. म्हणून सुबरावच रोज साडेचारला मैदानावर उतरतात. पायजमा पोटरीपर्यंत वर, तोंडात शिट्टी.

खो-खोच्या फॉर्मवर बारा नावं लागतात. अकरा वर्षं आमची गाडी दहावर नाहीतर अकरावर अडायची. एकीचं लग्न ठरायचं, एकीला घरचे गावाबाहेर पाठवायचे नाहीत, एक सुगीत अडकायची. गेल्या वर्षी मात्र बारा भरल्या. बोरगावची मंजुश्री कॅप्टन झाली. ती शेवटच्या वर्षाला, तिच्यासारख्याच आणखी पाचजणी, म्हणजे पुढच्या वर्षी परत शून्यापासून सुरुवात. सुट्टी संपली की बेळगावला विभागीय सामने होते. सुबरावांनी ही बातमी कॉलेजला, वखारीला, चहाच्या गाड्याला आणि निपाणी स्टँडवरच्या कंट्रोलरला सांगितली होती. मला तर चारदा.

आता पूजेचं सांगते. नवमीला सरकारी सुट्टी असते म्हणून कचेऱ्यांमधली खंडेनवमीची पूजा आदल्या दिवशीच उरकतात. आमच्याकडे ती सगळी सुबरावांच्या हातात. आमच्या घरी दसरा म्हणजे धम्मदीक्षेचा दिवस. मी पूजेला हात जोडत नाही आणि सुबरावांनी मला कधी जोडायलाही लावले नाहीत. चिरमुरे-फुटाणे मात्र माझ्या टेबलावर सगळ्यात मोठ्या पुडीत येतात, आणि मी ते तत्त्वाला बाधा न आणता खाते.

बाकी कॉलेजांत यंत्राला झेंडूचा हार घातला, कुंकू लावलं की झालं. सुबरावांची रीत त्यांच्या घरची. त्यांचे वडील नवमीला हळदीत भिजवलेलं सूत घ्यायचे आणि पहिल्या मागापासून शेवटच्या मागापर्यंत धोट्यासकट, सुताच्या कांड्यांसकट सगळं एका दोऱ्यात गुंफायचे. दोरा एकच, मध्ये तोडायचा नाही, गाठ मारायची नाही. दसऱ्याला सकाळी शेवटाकडून उलटा सोडत यायचं आणि मगच विणायला धोटा हातात घ्यायचा. सुबरावांनी हीच रीत कॉलेजला लावली. वडगावच्या मेहुण्याकडून सुताचं मोठं रीळ आणायचं आणि घंटेपासून सुरुवात करायची. घंटेवरून ऑफिस, तिथं आधी कॉलेजचा गोल शिक्का, मग कात्री, स्टेपलर, कॉम्प्युटर, प्रिंटर. तिथून लायब्ररीची शिडी, माझ्या लॅबमधले तराजू आणि स्टँड, पुढं मायक्रोस्कोप, मग खो-खोचे खांब, शिट्टी, माळ्याचा विळा, पाण्याची मोटर, आणि शेवटी वाहनं. सगळ्यात शेवटी प्रिन्सिपॉलांची गाडी. प्रत्येक वस्तूला तीन वेढे. वाहनांवरचा दोरा तेवढा पाचला सोडून टोक मोटरीला अडकवायचं, कारण लोकांना घरी जावं लागतं हे देवालाही मान्य आहे, असं सुबरावांचं मत.

त्या दिवशी सकाळी नऊला ते सुरू झाले, तेव्हा साडेबाराला गाडीच्या आरशापर्यंत पोचले. कोहळा फुटला, चाकांखाली लिंबं गेली, प्रिन्सिपॉल मारुतीराव सरांनी तिन्ही भाषांत शुभेच्छा दिल्या. तीनपर्यंत कॉलेज नुसतं चिरमुऱ्यांवर चाललं होतं. मुली साड्या नेसून फोटो काढत होत्या, फिजिक्सचे सर मिशीशिवाय प्रत्येक फोटोत मागं उभे होते आणि क्लार्क किशन ऑफिसच्या दारात खुर्ची टाकून पेंगत होता, कारण ऑफिसात हात लावण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

चार वाजून पाच मिनिटांनी त्याचा फोन वाजला. विद्यापीठातून कुणीतरी भला माणूस बोलत होता. तुमच्या खो-खोच्या फॉर्मवर नुसतं "सेव्ह" दिसतंय, सही-शिक्क्याची प्रत चढवलेली नाही, आज पाचला बंद होणार, नंतर कुणाचं ऐकणार नाही, असं तो म्हणाला. फॉर्म भरताना किशनला पिवळा शेरा दिसला होता. पिवळं म्हणजे होत आलं, असं समजून तो घरी गेला होता.

मी व्हरांड्यातच होते. किशनचा चेहरा बघूनच कळलं की काहीतरी जळलंय. त्यानं प्रिन्सिपॉल सरांना सांगितलं, सरांनी मला सांगितलं, आणि सुबराव तोपर्यंत आमच्या मागं येऊन उभे होते. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. नेहमीसारखं त्यांना आधीच कळलं होतं, फक्त या वेळी ते काही बोलले नाहीत.

मी म्हटलं, माझ्या मोबाइलवरून पाठवू. किशन म्हणाला, पासवर्ड कुणालाच माहीत नाही, तो फक्त ऑफिसच्या कॉम्प्युटरला माहीत आहे. आणि शिक्का कुठून आणणार? नवा करून आणावा तर शिक्केवाल्याच्या दुकानातही आज पूजा. कॉम्प्युटरला तीन वेढे. शिक्क्याच्या डबीला तीन वेढे, तेही विणकराच्या हातचे, एकाला एक चिकटून, कांडी भरावी तसे. नख शिरत नव्हतं.

मारुतीराव सर मुळात शांत माणूस, पण शांत माणसाला घाई झाली की तो जास्त धोक्याचा. त्यांनी हुकूम सोडला, कापा. किशन कात्रीकडं वळला. कात्री दोऱ्यात. पेपरकटर दोऱ्यात. माळ्याचा विळा दोऱ्यात. बॉटनीतली ब्लेडं डब्यासकट दोऱ्यात. कॉलेजातलं धार असलेलं झाडून सगळं सुबरावांनी पूजेला बसवलं होतं, माझी जीभ तेवढी सोडून. कुणीतरी म्हणालं लायटर चालेल, आणि मग लायटर कुणाकडं आहे हे सरांपुढं कबूल करायला एकही मुलगा तयार होईना. सर चिडून पुढं झाले आणि त्यांनी दोरा बोटांना गुंडाळला, हिसका द्यायला.

सुबराव आडवे आले नाहीत. नुसते म्हणाले, "सर, कापा. माझ्या दोऱ्यापायी पोरी ऱ्हायल्या तर मला घंटा वाजवायला तोंड न्हाय. पर मी तिकडं बगत न्हाय, एवढी मुभा द्या." आणि भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.

सरांनी विचारलं, एका दोऱ्याचं एवढं काय आहे. तेव्हा ते भिंतीशीच बोलले. एका नवमीला व्यापारी साड्यांसाठी दारात बसला होता. वडिलांनी आपल्या हातानं ब्लेड लावून दोरा कापला आणि माग चालू केला. पुढच्या दोन वर्षांत चारही माग गेले. "मशीनच्या मागांमुळं गेले, सर. दोऱ्यामुळं न्हाय. डोस्क्याला कळतंय. हाताला कळत न्हाय."

सरांनी बोटावरचा दोरा सोडला. मीही सोडला असता. देवाबिवाचं मला काही नव्हतं, पण त्या माणसाची पाठ बघवत नव्हती.

घड्याळात चार-पंधरा झाले होते. एवढ्यात साडी कमरेला खोचलेली मंजुश्री पुढं आली. फॉर्म गेलेला नाही ही बातमी बारा जणींपर्यंत पोचली होती आणि बाराही जणी दारात होत्या. तिनं विचारलं, "अण्णा, उलटा सोडला तर चालतोय न्हवं?"

सुबराव वळले. चालतंय की, म्हणाले, पण बांधायला साडेतीन तास लागलेत गं.

"तुम्ही एकटं हुता," मंजुश्री म्हणाली. "आमी बारा हाय."

त्यानंतरचा पाऊण तास आमच्या कॉलेजाच्या इतिहासात लिहून ठेवायला हवा, पण इतिहासाचे सर रजेवर होते. सुबरावांमध्ये एकदम वारं भरलं. त्यांनी मुलींना मैदानावर बसवतात तसं कॉलेजभर बसवलं, प्रत्येकीला एक खोली. दोऱ्याचा गुंडा हातात घ्यायचा, आपल्या वस्तूंचे वेढे सोडायचे, गुंडा पुढचीच्या हातात द्यायचा आणि "खो" म्हणायचं. ओढायचं नाही, तोडायचं नाही. शिट्टी खांबांबरोबर दोऱ्यात अडकलेली, म्हणून त्यांनी दोन बोटं तोंडात घातली आणि अशी शीळ घातली की वखारीतल्या बाया सुट्टी समजून बाहेर आल्या.

गाडीच्या आरशापासून सुरुवात झाली. प्रिन्सिपॉल स्वतः गाडीभोवती उलट्या प्रदक्षिणा घालत होते. स्कूटरी सुटल्या, मोटर सुटली, विळा सुटला. माळ्यानं विचारलं आता कापू का, त्याला चौघांनी गप्प केलं. साड्या नेसलेल्या मुली झेंडूच्या पायघड्यांवरून पळत होत्या, "खो" "खो" होत होतं, गुंडा मोसंबीएवढ्याचा नारळाएवढा झाला, फिजिक्सचे सर कुणी न सांगता वेळ ओरडत होते आणि ज्या मुलांना चाचणीला बोलावलं तरी येत नाहीत ती मुलं खिडक्यांवर चढून बाजू घेत होती. मला इतकं हसू येत होतं की पोटात दुखायला लागलं.

माझ्या लॅबमध्ये काच, म्हणून तिथं मुलगी न ठेवता मलाच उभं केलं होतं. मायक्रोस्कोपकडून गुंडा आला, चार-पस्तीसला. तराजू नीट सुटले. स्टँडना मात्र सुबरावांनी खालून-वरून, ब्युरेटच्या चिमट्यांतून असा काही दोरा फिरवला होता की मी एक वेढा सोडावा आणि दोन आवळावेत. बाहेरून फिजिक्सचे सर ओरडले चार-चाळीस. माझी तिडीक उठली. मी दोरा ओढला.

तो तुटला. फार आवाजही झाला नाही.

पंधरा वर्षं मी मुलांना सांगत आलेय की प्रयोगात चूक झाली तर ती लिहून ठेवावी, लपवू नये. आणि त्या क्षणी मी दाराकडं पाहिलं, कुणी बघत नाही याची खात्री केली, आणि दोन टोकं घेऊन फडक्याला मारतात तशी एक गच्च गाठ मारली. मला कुठल्या कोपाची भीती नव्हती. भिंतीकडं तोंड करून उभा असलेला तो माणूस डोळ्यापुढं होता. गाठ गुंड्याच्या आत दडपली आणि लायब्ररीच्या दारातल्या मुलीच्या हातात गुंडा देऊन मी बाकीच्यांसारखंच "खो" म्हटलं.

चार-अठ्ठेचाळीसला प्रिंटर आणि कॉम्प्युटर सुटले, चार-पन्नासला शिक्का. किशननं फॉर्मवर शिक्का असा दाबला की टेबल हललं. सरांची सही, स्कॅन, मग ते फिरणारं गोल चक्र, जे बघत बघत आमचे जीव निम्मे झाले. ओटीपी आला तो सरांच्या मोबाइलवर, आणि सरांचा चष्मा गाडीत. मंजुश्रीनं आकडे वाचले. चार-सत्तावन्नला पिवळ्याचं हिरवं झालं आणि व्हरांड्यात असा कल्ला उठला की खांबावरची पारवी उडाली. मुली सुबरावांना उचलायला निघाल्या, ते कसेबसे निसटले. पुढं बेळगावात मुलींनी पहिला सामना मारला, दुसरा हरल्या आणि परतीच्या बसमध्ये संकेश्वरपासून निपाणीपर्यंत गात आल्या. सुबराव त्या बसमध्ये पुढच्या सीटवर होते आणि कंडक्टरला हरलेल्या सामन्याची अशी हकीकत सांगत होते की त्याला आम्हीच जिंकलो असं वाटलं.

पण त्या दिवसाचं अजून संपलं नव्हतं. पहिलं टोक घंटेला तसंच होतं. ते सुटलंच नव्हतं, म्हणून पूजा मोडली नाही, पुन्हा गुंफली की झालं, असं सुबरावांनी जाहीर केलं. वाहनं आता नको, मोटरीपर्यंतच. मुली सांडलेले चिरमुरे झाडत होत्या. सुबराव व्हरांड्यात उकिडवे बसून गुंडा उलगडत होते आणि दोरा अंगठा आणि बोटाच्या मधून सरकवत होते. बघत नव्हतेच, बोलत होते. सर कसे फिरले, किशन कसा घामाघूम झाला. मी त्यांच्या बोटांकडं बघत खांबाला टेकून उभी होते. सहाची बस गाठायला निघायला हवं होतं, पण पाय निघत नव्हता.

बोटं थांबली. बोलणंही थांबलं.

त्यांनी ती गाठ उन्हाकडं धरली. मग मुलींकडं पाहिलं, एकेकीकडं. ओरडले नाहीत, पण चेहऱ्यावरचं सगळं हसू उतरलं. मुलींचे खराटे जागच्या जागी राहिले. मंजुश्रीचा चेहरा पांढरा पडला, कारण कॅप्टन ती होती आणि ओढू नका असं तिनंच सगळ्यांना बजावलं होतं. ती काहीतरी कबूल करायच्या बेतात होती, न केलेलं.

"अण्णा, मी तोडला," मी म्हटलं. "माझ्या लॅबमध्ये. ओढला आणि तुटला. मग लपवला."

ते माझ्याकडं बघत राहिले. मग परत गाठीकडं. ती चांगली भुईमुगाच्या शेंगेएवढी होती. आणि मग त्यांच्या खांद्यापासून काहीतरी हलायला लागलं. मला वाटलं रडतायत. ते हसत होते. हसता हसता ते उकिडव्याचे खाली बसले, पाय पसरून.

"मॅडम, ही गाठोड्याची गाठ हाय," ते म्हणाले. "सुताची न्हवं."

मी विचारलं, आता पूजेचं काय. त्यांनी नखानं माझी गाठ उकलली, दोन टोकं थुंकी लावून सारखी केली आणि बोटांनी काहीतरी केलं, जे मला समोर असून दिसलं नाही. दोरा सपाट. गाठ कुठं आहे ते मी हात फिरवून शोधलं, सापडली नाही.

"मागावर दिसातनं शंभर बारी तुटतंय," ते म्हणाले. मला सांगत होते की स्वतःला, कोण जाणे. "तुटलं की जोडायचं. इणकराचं काम तेच. आप्पांनी कापला, ते न्हाय चुकलं. कापला आणि परत जोडायला गेलेच न्हाईत. दोरा तसाच टाकून व्यापाऱ्याच्या मागं धावले. एवढी वर्सं मी दोऱ्याला भ्यालो."

त्यांनी डोळे पुसले, हसण्याचे की कसले ते मी विचारलं नाही. मग गुंडा माझ्या हातात दिला. शिक्क्यापासून सुरू करा, तीन वेढे, सैल नको, मी मागनं बघत येतो, म्हणाले. मी पूजेतली नाही याची आठवण करून दिली, तर म्हणाले पूजा माझी, जोडायचं काम तुमचं, तुटला तुमच्याकडनं न्हवं का. सहाची बस गेली, सातचीही गेली, आणि मी तराजूपर्यंतच पोचले होते.